कमी वीजवापराच्या रुंदपट्टा ॲम्प्लिफायरमधील नॉईज : कारणे, उपाय आणि जमाखर्च

सारांश

अँटेनाकडून आलेला अतिक्षीण संकेत मोठा करणारा पहिला ॲम्प्लिफायर स्वतःच्या अंगचा नॉईज त्या संकेतात मिसळतो. हा नॉईज कमी राखणे, वारंवारतेचा पट्टा रुंद ठेवणे आणि विजेचा वापर मर्यादित करणे या तीन मागण्या परस्परविरोधी आहेत. प्रस्तुत लेखात नॉईजची उगमस्थाने सांगून कॉमन-गेट रचना, कपॅसिटर क्रॉस-कपलिंग आणि नॉईज-कॅन्सलेशन या तीन पद्धतींचे मूल्यमापन सोप्या आकडेमोडीने केले आहे. नॉईज फिगरचा आकडा पट्टा आणि मिलिवॉट यांच्यासोबतच वाचला पाहिजे, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. नॉईज-कॅन्सलेशनचे तत्त्व महाविद्यालयीन प्रयोगशाळेत अल्प खर्चात दाखविता येईल असा एक प्रयोगही शेवटी सुचविला आहे.

बीजसंज्ञा : नॉईज फिगर, रुंदपट्टा ॲम्प्लिफायर, इनपुट मॅचिंग, ट्रान्सकंडक्टन्स, नॉईज-कॅन्सलेशन, कमी वीजवापर.

१. प्रस्तावना

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळील खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. मूळ यंत्रणेत एका वेळी जास्तीत जास्त ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा हाताळता येत असे. सुधारित यंत्रणेत ही मर्यादा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेली. त्यासाठी अँटेनाच्या मुखाशी असलेले ॲम्प्लिफायरही रुंद पट्ट्याचे करावे लागले. एका ठरावीक वारंवारतेवर उत्तम काम करणारे मंडल २५० ते ५०० मेगाहर्ट्झ अशा दुपटीच्या पल्ल्यात सारख्याच गुणवत्तेने चालेलच असे नाही.

दुसरे उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियात उभारल्या जात असलेल्या स्क्वेअर किलोमीटर ॲरे या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे आहे. भारत या प्रकल्पात सहभागी आहे. तेथील कमी वारंवारतेच्या दुर्बिणीसाठी ५० ते ३५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करणाऱ्या १,३१,०७२ अँटेना नियोजित आहेत. प्रत्येक अँटेना दोन ध्रुवीकरणांतील लहरी टिपते. त्यामुळे पहिल्या पायरीच्या ॲम्प्लिफायरांची संख्या २,६२,१४४ होते. प्रत्येक ॲम्प्लिफायरमध्ये १०० मिलिवॉट वाचविले तर एकूण बचत सुमारे २६ किलोवॉट भरते. आकाशाचा अतिक्षीण आवाज ऐकायचा, तो रुंद पट्ट्यात ऐकायचा आणि तोही मोजक्या विजेत, असा हा तिहेरी पेच आहे. भ्रमणध्वनी, बिनतारी संवेदक व वैद्यकीय उपकरणे यांच्या बाबतीतही पेच हाच असतो; तेथे विजेची मर्यादा बॅटरी घालून देते.

आपल्या महाविद्यालयांतून पदव्युत्तर प्रकल्पांसाठी हा विषय वारंवार निवडला जातो. अशा प्रकल्पांच्या अहवालांत 'नॉईज फिगर १.५ डेसिबल' असे एकच वाक्य ठळकपणे दिलेले असते. हे मूल्य कोणत्या वारंवारतेवर, किती मिलिवॉट खर्चून आणि कोणती गृहीतके धरून मिळाले, याचा उल्लेख बहुधा नसतो. प्रस्तुत लेखकाच्या मार्गदर्शनाखालील प्रकल्पांतही प्रारंभी हीच उणीव होती. मार्गदर्शक आणि परीक्षक या दोन्ही नात्यांनी आपण अशा आकड्याला कोणते प्रश्न विचारावेत, हे स्पष्ट करण्याचा येथे प्रयत्न आहे. विषय इलेक्ट्रॉनिक्सचा असला तरी इतर विद्याशाखांतील प्राध्यापकांनाही युक्तिवाद समजावा, यासाठी सूत्रांऐवजी शब्द आणि साधे अंकगणित वापरले आहे.

२. नॉईज म्हणजे काय?

प्रत्येक वाहकातील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत अनियमित हालचाल करीत असतात. या हालचालीमुळे रोधकाच्या दोन टोकांत अत्यल्प, दिशाहीन विद्युतदाब निर्माण होतो. जॉन बी. जॉन्सन यांनी तो मोजून दाखविला आणि हॅरी नायक्विस्ट यांनी त्याची सैद्धांतिक उपपत्ती मांडली. दोघांचेही शोधनिबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. या औष्णिक नॉईजची शक्ती तापमान आणि पट्ट्याची रुंदी यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. २९० केल्व्हिन तापमानाला दर हर्ट्झमागे उपलब्ध होणारी नॉईजशक्ती उणे १७४ डेसिबल-मिलिवॉट इतकी असते. पट्टा १ मेगाहर्ट्झ असेल तर ही तळरेषा उणे ११४ वर येते, आणि १ गिगाहर्ट्झ असेल तर उणे ८४ वर. पट्टा हजारपट रुंद केला की नॉईजही हजारपट होतो. रुंदपट्टा रचनेची ही पहिली अडचण निसर्गनियमातच आहे आणि कोणत्याही मंडलाला ती टाळता येत नाही.

दुसरा स्रोत ट्रान्झिस्टर हा आहे. मॉस ट्रान्झिस्टरच्या वाहिनीतील प्रवाहातही औष्णिक चढउतार असतात. त्यांचे प्रमाण ट्रान्सकंडक्टन्स आणि 'गॅमा' नावाचा एक गुणक यांवर अवलंबून असते. ट्रान्सकंडक्टन्स म्हणजे गेटवरील दाब बदलल्यावर प्रवाह किती बदलतो याचे माप. लांब वाहिनीच्या ट्रान्झिस्टरसाठी गॅमाचे मूल्य दोन-तृतीयांश असते. आखूड वाहिनीच्या ट्रान्झिस्टरमध्ये ते वाढून १ च्या आसपास किंवा त्याहूनही अधिक होऊ शकते. याखेरीज कमी वारंवारतेला फ्लिकर नॉईज प्रभावी ठरतो. वारंवारता घटते तसा तो वाढतो आणि गेटचे क्षेत्रफळ वाढविल्यास कमी होतो. रुंद पट्ट्याचे खालचे टोक त्याच्या तडाख्यात सापडते. वरच्या टोकाला गेटच्या धारितेमुळे वाढ खुंटते. म्हणून पट्ट्याच्या मध्यावरील एकाच बिंदूवर मोजलेल्या नॉईज फिगरवरून संपूर्ण पट्ट्याविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

ॲम्प्लिफायरमधून जाताना संकेत आणि नॉईज यांचे गुणोत्तर किती पटींनी बिघडते, ते माप म्हणजे नॉईज फॅक्टर. तोच डेसिबलमध्ये मांडला की त्याला नॉईज फिगर म्हणतात. नॉईज फॅक्टर १ म्हणजे आदर्श ॲम्प्लिफायर, अर्थात शून्य डेसिबल. नॉईज फॅक्टर २ म्हणजे ३ डेसिबल. येथे ॲम्प्लिफायरने स्रोताच्या नॉईजइतकीच स्वतःची भर घातलेली असते.

हॅराल्ड फ्रिस यांनी १९४४ साली मांडलेल्या सूत्रावरून साखळीतील पहिल्या पायरीचे महत्त्व कळते. दुसऱ्या पायरीने घातलेली भर पहिल्या पायरीच्या शक्तिवर्धनाने भागली जाते. समजा, दुसऱ्या पायरीचा नॉईज फॅक्टर १० आहे. पहिल्या पायरीने संकेताची शक्ती १०० पट केली असेल तर एकूण नॉईज फॅक्टरमध्ये ०.०९ एवढीच भर पडते. ती केवळ १० पट केली असेल तर भर ०.९ होते. कमी विजेवर चालणाऱ्या रुंदपट्टा ॲम्प्लिफायरमध्ये वर्धन मुळातच कमी मिळते. त्यामुळे स्वतःची नॉईज फिगर उत्तम असूनही असा ॲम्प्लिफायर एकूण ग्राहकयंत्राच्या दृष्टीने निकामी ठरू शकतो.

३. रुंद पट्ट्यातील मॅचिंगची किंमत

अँटेनाकडून आलेली शक्ती परत न फिरता ॲम्प्लिफायरमध्ये शिरावी यासाठी त्याचा इनपुट रोध अँटेनाच्या रोधाशी, म्हणजे बहुधा ५० ओहमशी, जुळावा लागतो. यालाच इनपुट मॅचिंग म्हणतात. अरुंद पट्ट्यात हे काम इंडक्टर आणि कपॅसिटर यांच्या अनुनादाने साधता येते. आदर्श इंडक्टर व कपॅसिटर नॉईज निर्माण करीत नाहीत, म्हणून ही जुळवणी नॉईजच्या दृष्टीने जवळजवळ फुकट पडते. परंतु अनुनाद एका वारंवारतेभोवतीच टिकतो. पट्टा रुंद झाला की हा मार्ग बंद होतो, किंवा अनेक इंडक्टरांची शिडी उभारावी लागते. असे इंडक्टर सिलिकॉनच्या चिपवर मोठी जागा व्यापतात आणि त्यांच्या तारांचा रोध पुन्हा नॉईज देतो.

इनपुटवर ५० ओहमचा रोधक जोडणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. पण त्या रोधकाचा नॉईज स्रोताच्या नॉईजइतकाच असतो. पुढचा ॲम्प्लिफायर सर्वस्वी निर्दोष मानला तरी नॉईज फिगर ३ डेसिबलच्या खाली येत नाही.

याहून बरा उपाय कॉमन-गेट रचनेचा. यात संकेत ट्रान्झिस्टरच्या सोर्सला दिला जातो आणि तेथे दिसणारा रोध ट्रान्सकंडक्टन्सच्या व्यस्ताएवढा असतो. ट्रान्सकंडक्टन्स २० मिलिसीमेन्स ठेवला की ५० ओहम आपोआप मिळतात. गॅमा दोन-तृतीयांश धरल्यास नॉईज फॅक्टर १.६७, म्हणजे नॉईज फिगर २.२ डेसिबल येते. पाठ्यपुस्तकांतून हा आकडा सर्रास दिलेला असतो. मात्र त्यात लोड रोधकाचा नॉईज धरलेला नसतो.

कमी वीजवापराचा प्रश्न नेमका येथेच उभा राहतो. दर मिलिअँपिअरमागे १० मिलिसीमेन्स मिळतात असे मानू. मग २० मिलिसीमेन्ससाठी २ मिलिअँपिअर लागतील. पुरवठ्याचा दाब १.२ व्होल्ट असेल तर लोड रोधकावर सुमारे ०.५ व्होल्टच खर्च करता येतो, कारण उरलेला दाब ट्रान्झिस्टरला लागतो. म्हणून लोड रोधक २५० ओहमपेक्षा मोठा घेता येत नाही. त्याची नॉईज फॅक्टरमधील भर स्रोताच्या रोधाची चौपट भागिले लोडचा रोध, म्हणजे २०० ÷ २५० = ०.८ होते. एकूण नॉईज फॅक्टर २.४७ झाला आणि नॉईज फिगर २.२ ऐवजी ३.९ डेसिबल झाली. ट्रान्झिस्टर तोच आणि मॅचिंगही तेच. अपुऱ्या पुरवठा-दाबामुळे नॉईज वाढला. विद्यार्थ्याने आदर्श लोड वापरून सिम्युलेशन केले असेल तर हा फरक त्याच्या अहवालात दिसणारच नाही.

४. पहिला उपाय : कपॅसिटर क्रॉस-कपलिंग

कॉमन-गेट रचना जोडीने, म्हणजे डिफरन्शियल स्वरूपात वापरली तर एक चांगली युक्ती करता येते. एका बाजूच्या सोर्सवरील संकेत कपॅसिटरच्या द्वारे दुसऱ्या बाजूच्या गेटवर नेला जातो. दोन्ही बाजूंचे संकेत परस्परविरुद्ध असल्याने प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या गेट आणि सोर्समधील संकेत दुप्पट होतो. त्यामुळे १० मिलिसीमेन्सचा ट्रान्झिस्टर २० मिलिसीमेन्ससारखा वागतो. ही दुप्पट वाढ कपॅसिटरमुळे मिळाल्याने तिच्यासाठी वीज लागत नाही आणि नॉईजही वाढत नाही.

आता हिशेब पाहू. प्रत्येक बाजूला १ मिलिअँपिअर पुरतो. दोन्ही बाजू मिळून २ मिलिअँपिअर होतात. ट्रान्झिस्टरची भर निम्म्यावर, म्हणजे ०.३३ वर येते. प्रवाह निम्मा झाल्यामुळे त्याच ०.५ व्होल्टमध्ये लोड रोधक ५०० ओहमचा घेता येतो आणि त्याचीही भर ०.८ वरून ०.४ होते. एकूण नॉईज फॅक्टर १.७३, म्हणजे २.४ डेसिबल. तेवढ्याच विजेत नॉईज फिगर दीड डेसिबलने सुधारली.

या सुधारणेचीही किंमत आहे. लोड रोधक दुप्पट केल्याने आउटपुटवरील पट्टा निम्मा होतो. तेथे ०.२ पिकोफॅरडची धारिता धरल्यास २५० ओहमला सुमारे ३.२ गिगाहर्ट्झपर्यंत जाता येत होते. ५०० ओहमला ही मर्यादा १.६ गिगाहर्ट्झवर येते. शिवाय अँटेनाकडून एकेरी तार येत असेल तर ती डिफरन्शियल करण्यासाठी बॅलन ट्रान्सफॉर्मर लागतो. ॲम्प्लिफायरच्या आधी बसवलेल्या बॅलनमध्ये जेवढ्या डेसिबलचा क्षय होईल तेवढी नॉईज फिगर सरळ वाढते. मात्र डायपोल किंवा लॉग-पिरिऑडिक अँटेना स्वभावतःच दोन सममित टोकांची असते. तिला ही रचना थेट जोडता येते. अर्थात मंडलाची निवड अँटेनाच्या निवडीपासून वेगळी करता येत नाही.

५. दुसरा उपाय : नॉईज-कॅन्सलेशन

नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठातील फेडेरिको ब्रुकोलेरी, एरिक क्लुम्परिंक आणि ब्राम नाउटा यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात एका वेगळ्या विचाराला मूर्त रूप दिले. मॅचिंगसाठी वापरलेल्या ट्रान्झिस्टरचा नॉईज मंडलाच्या दोन बिंदूंवर ठरावीक प्रमाणात प्रकट होतो. त्या दोन्ही बिंदूंवरचे दाब योग्य प्रमाणात एकत्र केले तर नॉईज वजा होऊन संकेत शिल्लक राहू शकेल, असा तो विचार होता.

याचे उदाहरण पाहू. एका ट्रान्झिस्टरच्या ड्रेन आणि गेटमध्ये २०० ओहमचा रोधक जोडला आहे. ट्रान्सकंडक्टन्स २० मिलिसीमेन्स, म्हणजे इनपुट रोध ५० ओहम. आणि गेटला ५० ओहमचा स्रोत आहे. ट्रान्झिस्टरच्या वाहिनीतील नॉईजप्रवाहाचा काही भाग ड्रेनकडून २०० ओहममधून गेटकडे आणि तेथून स्रोताच्या ५० ओहममधून जमिनीकडे वाहतो. गेटवर ५० ओहमचा दाब दिसतो, तर ड्रेनवर २५० ओहमचा. प्रमाण १ : ५ आणि दोन्हींची दिशा एकच. संकेताचे वर्तन याच्या उलट असते. ट्रान्झिस्टर संकेत उलटा करतो, म्हणून ड्रेनवरचा संकेत गेटवरच्या संकेताच्या उणे तिप्पट असतो.

आता दुसरा, साहाय्यक ॲम्प्लिफायर गेटवरचा दाब पाचपट करतो आणि तो ड्रेनवरच्या दाबातून वजा केला जातो. नॉईजच्या बाबतीत ५ − ५ = ०. संकेताच्या बाबतीत −३ − ५ = −८. एकाच वजाबाकीने नॉईज नाहीसा झाला आणि संकेत वाढला. ड्रेनवरील बायस-प्रवाह पुरविणाऱ्या ट्रान्झिस्टरचा नॉईजही त्याच बिंदूवर शिरत असल्याने तोही याच वजाबाकीत जातो.

पण शिल्लक काय राहते? २०० ओहमच्या रोधकाचा नॉईज रद्द होत नाही. त्याची भर ५० ÷ २०० = ०.२५ आहे. साहाय्यक ॲम्प्लिफायरचा स्वतःचा नॉईजही उरतो. गॅमा दोन-तृतीयांश धरून हिशेब केला असता पुढील चित्र दिसते. यात बेरीज-मंडलाचा आणि साहाय्यक ॲम्प्लिफायरच्या लोडचा नॉईज धरलेला नाही; प्रत्यक्षात त्यांचीही थोडी भर पडेल.

(अ) साहाय्यक ॲम्प्लिफायर नसताना, म्हणजे वजाबाकी न करता : नॉईज फॅक्टर ४.६३, नॉईज फिगर ६.७ डेसिबल.

(आ) साहाय्यक ट्रान्सकंडक्टन्स ५० मिलिसीमेन्स, एकूण प्रवाह ७ मिलिअँपिअर, शक्ती ८.४ मिलिवॉट : नॉईज फिगर २.२ डेसिबल.

(इ) साहाय्यक ट्रान्सकंडक्टन्स १०० मिलिसीमेन्स, एकूण प्रवाह १२ मिलिअँपिअर, शक्ती १४.४ मिलिवॉट : नॉईज फिगर १.६ डेसिबल.

(ई) साहाय्यक ट्रान्सकंडक्टन्स २०० मिलिसीमेन्स, एकूण प्रवाह २२ मिलिअँपिअर, शक्ती २६.४ मिलिवॉट : नॉईज फिगर १.३ डेसिबल.

कितीही वीज खर्च केली तरी या उदाहरणात नॉईज फिगर ०.९७ डेसिबलच्या खाली जाणार नाही, कारण २०० ओहमच्या रोधकाची भर कायम राहते. (आ) पासून (इ) पर्यंत जाण्यासाठी ६ मिलिवॉट मोजून सुमारे ०.६ डेसिबल मिळाले. (इ) पासून (ई) पर्यंत १२ मिलिवॉट मोजूनही ०.३ डेसिबलच मिळाले. मागील विभागातील क्रॉस-कपलिंगची रचना २.४ मिलिवॉटमध्ये २.४ डेसिबल देत होती. म्हणजे २.४ डेसिबल पुरेसे असतील, पट्टा १.६ गिगाहर्ट्झपर्यंत चालत असेल आणि अँटेना सममित असेल, तर नॉईज-कॅन्सलेशन वापरणे हा विजेचा अपव्यय होय. २ डेसिबलच्या खाली जायचे असेल किंवा एकेरी इनपुट अपरिहार्य असेल, तेव्हाच ते उपयुक्त ठरते.

ट्वेंटेच्या गटाने ०.२५ मायक्रॉन तंत्रज्ञानातील चिपवर घेतलेली मोजमापे या हिशेबाशी सुसंगत आहेत. त्यांना १५० ते २००० मेगाहर्ट्झमध्ये २.४ डेसिबलपेक्षा कमी आणि २५० ते ११०० मेगाहर्ट्झमध्ये २ डेसिबलपेक्षा कमी नॉईज फिगर मिळाली. त्यासाठी २.५ व्होल्टवर १४ मिलिअँपिअर, म्हणजे ३५ मिलिवॉट लागले. नॉईज नाहीसा झाला असे आपण म्हणतो तेव्हा तो एका ट्रान्झिस्टरच्या खात्यातून निघून दुसऱ्याच्या वीजबिलात गेलेला असतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

६. वजाबाकी कोठे फसते?

१ : ५ हे प्रमाण स्रोत शुद्ध ५० ओहमचा असतानाच खरे असते. इनपुटवर धारिता आली की वारंवारतेनुसार प्रमाण बदलते. इनपुटवर ०.५ पिकोफॅरड धारिता असेल तर २ गिगाहर्ट्झला पाचाच्या जोडीला ९० अंश कलेतील सुमारे १.२६ चा घटक येतो. साहाय्यक ॲम्प्लिफायर मात्र पाचानेच गुणतो. म्हणून पट्ट्याच्या वरच्या टोकाला वजाबाकी अपुरी पडते आणि नॉईज फिगर हळूहळू वर चढते.

ही धारिता बहुतांशी साहाय्यक ट्रान्झिस्टरच्या गेटचीच असते. ज्या तंत्रज्ञानात ट्रान्झिस्टरची सीमा-वारंवारता ४० गिगाहर्ट्झ आहे, त्यात १०० मिलिसीमेन्सच्या ट्रान्झिस्टरची गेट-धारिता सुमारे ०.४ पिकोफॅरड होते. नॉईज कमी करण्यासाठी ट्रान्झिस्टर मोठा केला की त्याच्याच धारितेमुळे कॅन्सलेशनचा पट्टा आक्रसतो. नॉईज, पट्टा आणि वीज यांचा त्रिकोण असा पुन्हा समोर येतो.

वीज वाचविण्याचे दोन मार्ग येथे उपलब्ध आहेत. एन-मॉस आणि पी-मॉस एकावर एक रचून तोच प्रवाह दोघांतून नेता येतो. त्यामुळे एकाच प्रवाहात दोघांच्या ट्रान्सकंडक्टन्सची बेरीज मिळते. दुसरा मार्ग म्हणजे ट्रान्झिस्टर मध्यम इन्व्हर्शनमध्ये चालविणे. गेटचा दाब कमी ठेवून ट्रान्झिस्टर रुंद केला तर दर मिलिअँपिअरमागे १० ऐवजी २० मिलिसीमेन्सपर्यंत मिळवता येतात. मग (इ) मधील साहाय्यक ट्रान्झिस्टरला १० ऐवजी ५ मिलिअँपिअर पुरतात. परंतु रुंद ट्रान्झिस्टरची धारिता अधिक असते आणि सीमा-वारंवारता खालावते. पट्टा काही शे मेगाहर्ट्झचा आणि तंत्रज्ञान आधुनिक असेल तर हा सौदा लाभदायक ठरतो. पट्टा कित्येक गिगाहर्ट्झचा असेल तर नाही.

७. किती नॉईज पुरे?

नॉईज कमीत कमी असावा हे विधान वरवर निर्विवाद वाटते, परंतु वीज मर्यादित असताना 'किती पुरे' हा प्रश्नही विचारला पाहिजे. नॉईज फॅक्टरमधून १ वजा करून २९० ने गुणले की ॲम्प्लिफायरचे नॉईज तापमान मिळते. (इ) मधील १.६ डेसिबलच्या रचनेचे नॉईज तापमान सुमारे १३३ केल्व्हिन येते. १५० मेगाहर्ट्झच्या आसपास आपल्या आकाशगंगेकडून येणारा नॉईज स्वतःच काही शे केल्व्हिनचा असतो. तेथे ॲम्प्लिफायर आणखी सुधारून मिळणारा लाभ मर्यादित राहतो. १४०० मेगाहर्ट्झला मात्र मोकळ्या आकाशाचे योगदान मोजक्याच केल्व्हिनचे असते. तेथे १३३ केल्व्हिनचा ॲम्प्लिफायर खगोलीय संकेत झाकून टाकील. एकच मंडल एका पट्ट्यात पुरेसे आणि दुसऱ्या पट्ट्यात अपात्र ठरते. म्हणून उद्दिष्ट ठरविताना अँटेनाकडून किती नॉईज येणार आहे हे आधी पाहावे आणि मगच मिलिवॉट खर्चावेत.

८. महाविद्यालयीन प्रयोगशाळेसाठी एक प्रयोग

गिगाहर्ट्झ पल्ल्यातील नॉईज मोजण्याची उपकरणे बहुतेक महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेर आहेत. परंतु नॉईज-कॅन्सलेशनचे तत्त्व वारंवारतेवर अवलंबून नाही. ते १ किलोहर्ट्झलाही दाखविता येते आणि त्यासाठी खऱ्या नॉईजऐवजी मुद्दाम सोडलेला एक सूर वापरता येतो.

बीसी ५४७ ट्रान्झिस्टरचा कलेक्टर २०० किलोओहममधून ५.६ व्होल्टच्या पुरवठ्याला जोडावा आणि कलेक्टर व बेस यांमध्ये ४ किलोओहमचा रोध ठेवावा. कलेक्टर प्रवाह सुमारे २५ मायक्रोअँपिअर होतो आणि ट्रान्सकंडक्टन्स जवळजवळ १ मिलिसीमेन्स मिळतो. बेसला १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून १ किलोओहमचा स्रोत जोडावा. वरच्या उदाहरणातील सर्व रोध येथे २० पट झाले, परंतु त्यांची प्रमाणे तीच राहिली. बेस आणि कलेक्टर या दोन्ही बिंदूंवरचे दाब ऑप-ॲम्पच्या बफरमधून घेऊन कलेक्टरच्या दाबातून बेसच्या दाबाची पाचपट वजा करावी. हा गुणक पोटेन्शिओमीटरने बदलता यावा.

प्रथम स्रोताचे जनित्राकडील टोक जमिनीला जोडून १ व्होल्टचा सूर १ मेगाओहममधून कलेक्टरला द्यावा. हा १ मायक्रोअँपिअरचा प्रवाह वाहिनीतील नॉईजची भूमिका करतो. कलेक्टरवर सुमारे २.५ मिलिव्होल्ट आणि बेसवर ०.५ मिलिव्होल्ट दाब येतो. पोटेन्शिओमीटर फिरवीत गेल्यास गुणक पाचाजवळ असताना आउटपुटवरील सूर जवळजवळ लोप पावावा. नंतर हा सूर काढून स्रोताच्या मार्गाने संकेत द्यावा. तो आउटपुटवर बेसवरील दाबाच्या सुमारे आठपट दिसावा. शेवटी बेसवर एक कपॅसिटर जोडून वारंवारता वाढवावी आणि लोप पावलेला सूर पुन्हा कसा उमटतो ते विद्यार्थ्यांना पाहू द्यावे. सहाव्या विभागातील मर्यादा त्यांना ऑसिलोस्कोपवर प्रत्यक्ष दिसेल.

९. निष्कर्ष

(१) रुंद पट्ट्यात नॉईजचे मुख्य मूळ इनपुट मॅचिंगमध्ये आहे, कारण तेथे अनुनादाची जवळजवळ फुकटची मदत मिळत नाही.

(२) कमी पुरवठा-दाबामुळे लोड रोधक लहान ठेवावा लागतो आणि कॉमन-गेट रचनेची पुस्तकी २.२ डेसिबलची मर्यादा प्रत्यक्षात ३.९ डेसिबलपर्यंत ढळू शकते.

(३) सममित अँटेना असल्यास कपॅसिटर क्रॉस-कपलिंग हा विजेच्या दृष्टीने सर्वांत काटकसरीचा उपाय आहे.

(४) नॉईज-कॅन्सलेशनने २ डेसिबलच्या खाली जाता येते; परंतु त्याचा भार साहाय्यक ॲम्प्लिफायरच्या वीजवापरावर पडतो आणि लाभ उत्तरोत्तर घटत जातो.

(५) प्रकल्प-अहवालात नॉईज फिगरसोबत पट्ट्याची दोन्ही टोके, एकूण मिलिवॉट, वर्धन, गॅमाचे गृहीत मूल्य आणि लोडचा नॉईज धरला की नाही, या पाच गोष्टींची नोंद अनिवार्य करावी.

यांतील पाचवा मुद्दा आपल्या हातातला आहे. चिप तयार करण्याची सोय बहुतेक महाविद्यालयांत नाही आणि महागडी उपकरणेही नाहीत. परंतु विद्यार्थ्याने लिहिलेल्या आकड्याचा जमाखर्च मागणे कोणत्याही मार्गदर्शकाला शक्य आहे. परीक्षेच्या टेबलावर हे प्रश्न नियमाने विचारले गेले तर पुढील वर्षीचा विद्यार्थी मंडल रेखाटण्यापूर्वीच ते स्वतःला विचारू लागेल.